वरती म्हणजे कुठे

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच. तू घेतलेस न घेतलेस तरी माझ्याकडून ते रोज निघतात. हे कार्डावर लिहिलं असतं तर स्वस्तात पडलं असतं, पण आपला पोस्टमन कार्डं वाचतो आणि वाटेत चार घरी सांगतो. म्हणून जुनं पाकीट उसवून, आतली बाजू बाहेर करून चिकटवलं आहे. माझं अक्षर ओळखून न फोडता परत धाडू नकोस, एवढंच मागणं.

पुरात पडलेली घराची मागची भिंत उभी राहिली. या वेळी दगड आणि सिमेंट. माळा पुन्हा घातला नाही. गवंडी म्हणत होता, "वहिनी, उंची आहे, वाशेही वाचलेत. माळा घालून देतो, नाहीतर जागा फुकट जाईल." मी म्हटलं, जाऊ दे फुकट. हे शब्द माझ्या तोंडून ऐकून तुझे सासरे कप हातात धरून बघतच राहिले. "बरं नाही का वाटत?" म्हणाले.

पुढच्या पावसाळ्याची तयारी आत्तापासूनच धरली आहे. झाकणाचे दोन ड्रम वरती गोठ्यात नेऊन ठेवले, पिण्याच्या पाण्यासाठी. डाळ, तांदूळ, मीठ, काडेपेट्या पत्र्याच्या पेटीत घालून तीही वरतीच. मेणबत्तीचे उरलेले तुकडे वितळवून डब्यात वात घातली, अशा सहा झाल्या. जमिनीचे कागद, सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक. तुझं शाळा सोडल्याचं सर्टिफिकेटही त्यातच आहे. ते न्यायला म्हणून तरी ये, असं लिहिणार होते. नको. पोस्टाने पाठवेन.

गाय ठीक आहे. तुझा नवरा अंगणापासून गोठ्यापर्यंत चढावर पायऱ्या खोदतो आहे. एकशे बारा झाल्या. बोलत नाही. भाकरी वाढली की खातो, नाही वाढली तर विचारत नाही.

तुझ्या बाबांची मापाची टेप गाळात सापडली. धुऊन, वाळवून वेगळ्या पुडक्यात पाठवते आहे. इंचांचे आकडे पुसट झालेत, पण शिंप्याच्या हातातली वस्तू आहे, तुझ्याकडे असावी. जे झालं त्यात दोष कुणाचा हे काढत बसायची ही वेळ नाही, असं मला वाटतं. तुझा नवरा त्या दिवशीचं जे सांगतो ते खरंच सांगत असेल. मी घरी नव्हते. मला काय माहीत असणार?

तुझी,
सासू


६ एप्रिल

सूनबाई,

पुडकं पोचलं असावं, परत आलं नाही त्यावरून धरते.

परवा आपल्याकडे सरकारी बाई येऊन गेल्या, आपत्ती विभागाच्या. नदीकाठच्या सगळ्या घरांना भेटी देतात. तुझ्या सासऱ्यांनी त्यांचं नाव लगेच आपत्तीबाई ठेवलं. "आपत्तीबाई आल्या, चहा ठेव" असं मोठ्याने म्हणाले आणि त्या दारातच उभ्या होत्या. बाई बऱ्या निघाल्या. म्हणाल्या, "काका, घरीही मला हेच म्हणतात."

त्यांनी सगळं हिंडून पाहिलं. ड्रम पाहिले, पेटी उघडायला लावली. औषधांची तारीख बघितली आणि दोन पाकिटं बाजूला काढली. मी म्हटलं, दोनच महिने उलटलेत. त्या म्हणाल्या, "मावशी, जीव वाचवायच्या वेळी दोन महिने मोजू नका." चढावर बांधलेला दोर त्यांनी स्वतः लोंबकळून ओढून पाहिला. मग घड्याळ लावून आम्हाला अंगणातून गोठ्यापर्यंत चालायला लावलं. तुझे सासरे रिकाम्या हातांनी चार मिनिटांत पोचले, मी साडेपाच. गाय सगळ्यांत आधी, तिला वाटलं चारा आहे.

मग त्या म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या दारावर एक सूचना लिहून लावा. पाणी वाढलं तर कुणी काय करायचं, पाहुण्यालाही वाचून कळेल अशी. मी म्हटलं, पूर्वी होती. "मग तशीच पुन्हा लिहा की." मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दाखवली. मॅट्रिकला शुद्धलेखनात मला पैकीच्या पैकी होते, हे तुला मी पुष्कळदा ऐकवलं आहे. आपत्तीबाईंनी वाचलं आणि विचारलं, "वरती म्हणजे कुठे?"

मी चहाचं बघायला आत गेले.

तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं त्यांना, वरती म्हणजे आमचा गोठा. गोठा कुणी म्हणत नाही, वरतीच म्हणतात. माझ्या सासूच्या आधीपासून. वरती चारा टाकला का, वरती कोण झोपलंय, वरतीचा दिवा बघ. बाई हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरचं व्याकरण नव्या माणसाला कसं कळायचं?"

ते पान मी चुलीत घातलं. दुसरं लिहायचं आहे.

माझा जप सध्या होत नाही. माळ हातात घेते, बोटं चालतात, नाम येत नाही. देवघरात नुसती बसून उठते. हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. तू आणि मी एकत्र होतो तेव्हा मी अशा गोष्टी तुझ्याशी बोलत नसे. बोलायला हवं होतं.

तुझी,
सासू


१९ मे

सूनबाई,

तुझ्या वकिलाचे कागद आले. पोस्टमनने सही घेताना तोंड पाडलं होतं, म्हणजे आत काय आहे ते त्याला बाहेरूनच कळलं. वीस जूनला तारीख आहे म्हणे, दोघांनी मिळून अर्ज करायचा.

तुझ्या नवऱ्याने कागद वाचले, पेन मागितलं. मी म्हटलं, पेनातली शाई संपली आहे. तो म्हणाला, "आई, तू घरात तीन महिने पुरेल एवढं रॉकेल साठवलंस आणि शाई संपली?" फेब्रुवारीपासून तो माझ्याशी बोललेलं सगळ्यांत लांब वाक्य हेच. मग त्याने स्वतःच पेन शोधलं. सही अजून केली नाही. कागद वरती नेऊन ठेवलेत, गव्हाणीच्या कडेला. तो तिथेच झोपतो. सही केली की दूरच्या धरणाच्या कामावर जाणार आहे. तीन वर्षांचं बोलून ठेवलं आहे.

तुझे सासरे चिडले. "बायकोला एकदा तरी जाऊन सांग, की मी म्हाताऱ्याला टाकून गेलो नाही."

तो म्हणाला, "सांगितलं. शंभर वेळा सांगितलं. मी तिच्या बाबांना म्हटलं, वरती चला. ते म्हणाले, मला माहीत आहे, तू जनावराला ने, मी निघतो. मी गाय सोडली आणि निघालो. मागे वळून बघतो तर ते नाहीत. खाली उतरलो तर अंगणात कमरेएवढं पाणी."

"मग ती काय म्हणते?"

"ती म्हणते, ज्या माणसाला गुडघ्यामुळे उंबरा ओलांडवत नव्हता, तो पडलेल्या माळ्याच्या लाकडांत सापडला. म्हणजे त्याला हात धरून न्यायला कुणी थांबलंच नाही, शेवटी जीव मुठीत धरून तो जमेल तिथे चढला. आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी 'मला माहीत आहे' घालतोस, लाज वाटत नाही का, म्हणते." मग म्हणाला, "तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. आता कधीकधी मलाच वाटतं, ते तसं म्हणालेच नसतील. मीच मनाने रचलं असेल."

असं तो म्हणाला, सूनबाई. मी तिथेच होते, तांदूळ निवडत. निवडत राहिले.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा काहीतरी वेगळं लिहायचं होतं. कागद संपत आला. उन्हाळा फार आहे, विहिरीचं पाणी तळाला गेलंय, आणि आम्ही पुराची तयारी करतोय. लोक हसतात.

तुझी,
सासू


१ जून

सूनबाई,

हे पत्र सकाळी अंघोळ करून, देवापुढे बसून लिहिते आहे. पाठकोरे कागद घेतलेले नाहीत, कोरे घेतले आहेत.

तुझा नवरा खरं बोलतो. तुझे बाबा म्हणाले होते, मला माहीत आहे. ते तसं म्हणाले, कारण त्यांना माहीत होतं. त्यांना ते मी सांगितलं होतं आणि चुकीचं सांगितलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारावरची सूचना मी गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी लिहिली होती. तुलाही आठवत असेल, तू हसली होतीस, "आई, अगदी ऑफिससारखं." पाणी वाढल्यास सामानाचा मोह सोडून सर्वांनी ताबडतोब वरती जावे. एवढंच. घरातल्या कुणालाही त्यापेक्षा जास्त लागत नव्हतं. पुराने ते पान नेलं आणि त्यावर काय होतं ते कुणी आठवलं नाही. मी आठवलं, पण बोलले नाही.

तुझे बाबा गुडघ्याच्या उपचारासाठी आपल्याकडे राहायला आले, तू त्यांना एक दिवसाआड दवाखान्यात नेत होतीस. उरलेल्या वेळात ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसत आणि बोलत. चौथ्या की पाचव्या सकाळी मी देवघरात माळ ओढत होते. घरावर संकट येऊ नये म्हणून रोज पाच माळांचा नेम धरला होता आणि माळ हातात असताना मी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. ते दारावरची सूचना वाचत होते, मोठ्याने, शिंपी माप वाचतात तसं तोडून तोडून. मग मला विचारलं, "विहीणबाई, वरती म्हणजे कुठे हो?"

माझे एकवीस मणी राहिले होते. मी बोलले नाही. मी बोट वर केलं.

देवघर आणि स्वयंपाकघर एकाला एक लागून. मी जिथे बसले होते तिथून बोट वर केलं की समोर माळ्याचं तोंड दिसायचं. माझ्या मनात गोठा होता. मी बोट केलं ते गोठ्यासाठी, म्हणजे उंचावर, मागे, चढाकडे. पण बोट सरळ वरच गेलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अस्सं. कळलं."

तीन वर्षं घरात असलेल्या माणसाला त्यातून माळा कळला नसता. तुला कळला नसता. नव्या माणसाला तोच कळला.

आता बघ. तुझा नवरा ओरडला, बाबा, वरती चला. ते म्हणाले, मला माहीत आहे. दोघांपैकी कुणी खोटं बोललं नाही. एक चढाकडे गेला आणि एक माळ्यावर. कुणी कुणाला टाकलं नाही. तुझ्या नवऱ्याने त्यांना टाकलं असतं तर मी त्याला या घरात ठेवला नसता, एवढं तरी तू माझ्याबद्दल मानशील.

हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. आम्ही दोघं शेजारगावच्या दुखवट्याच्या घरून परतलो, तेव्हा मागची भिंत माळ्यासकट पडलेली होती आणि माणसं वाशे उचलून तुझ्या बाबांना काढत होती. तू ड्यूटीवरून दवाखान्याच्या कपड्यांतच धावत आलीस आणि पहिला शब्द त्याला बोललीस. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी देवासमोर लिहिते आहे. वाटलं, हिचा राग त्याच्यावर आहे. नवराबायकोचं भांडण आहे, मिटेल. माझ्यावर आला तर मिटणार नाही. मग आठवडा गेला, महिना गेला. जितके दिवस जातील तितकं तोंड उघडणं जड होत जातं. तू बॅग भरलीस तेव्हा मी तुला डबा भरून दिला. डबा देताना सांगायचं होतं. तू डबा ठेवून गेलीस.

त्याला मी काल सांगितलं. गोठ्यात जाऊन, उभ्यानेच. तो गायीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "म्हणजे ते म्हणाले होते."

मी म्हटलं, हो.

"मी रचलं नव्हतं."

नाही रे.

मग तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मला जवळ जाऊ दिलं नाही.

कागदांवर सही करायची तर कर, पण हे वाचून कर.

तुझी सासू


२७ जून

सूनबाई,

वीस तारखेला तो कोर्टात गेला नाही, आणि तूही गेली नाहीस हे कळलं. चोवीसला तो तुझ्याकडे निघाला. जाताना त्याने चढावरच्या दोराच्या गाठी पुन्हा आवळल्या, तुझ्या सासऱ्यांना बॅटरीचे सेल दाखवले, आपत्तीबाईंचा नंबर भिंतीवर कोळशाने मोठा लिहिला. माझ्या पाया पडला. म्हणाला, "तू मुद्दाम नाही केलंस, आई. माळ हातात होती. चूक झाली." एवढं बोलायला त्याला तीन आठवडे लागले. तुझे सासरे म्हणाले, चला, पोरगं निवळलं.

आज तुझं पत्र आलं. नऊ महिन्यांत पहिलं. मी ते दोनदा वाचलं, दोनदा वाचण्याइतकं त्यात काही नव्हतं. तू एकच ओळ लिहिली आहेस. आई, बाबांचा गैरसमज झालाय हे तुम्हाला त्यांच्या हयातीत कळलं होतं का?

तू परिचारिका आहेस. दुखतं कुठे ते तुला दाबून बघता येतं.

उत्तर लिहिते.

पाणी आलं गुरुवारी. त्याच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी, मी अंगणातून पाण्याची कळशी घेऊन आत आले तर तुझे बाबा शिडीवर होते. माळ्याच्या शिडीवर, पाचव्या पायरीला. दुखरा पाय आधी वर ठेवायचा, मग हातांनी ओढून दुसरा. घामाने सदरा ओला झाला होता. मी विचारलं, "व्याहीबुवा, हे काय? वर काय हवंय? मी देते काढून."

ते म्हणाले, "काही नको. प्रॅक्टिस करतोय. काल सहा मिनिटं लागली, आज पाचात बसवतो. तुमच्या घरात राहायचं म्हणजे तुमच्या नियमाने राहायला पाहिजे, नाहीतर वेळ आली की विहीणबाई म्हणतील, पाहुण्यामुळे खोळंबा झाला."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, कळशी कमरेवर होती तेव्हाच. बोट आठवलं, माळ्याचं तोंड आठवलं. माझ्या हातात माळ नव्हती, तोंडात नाम नव्हतं. नुसतं म्हणायचं होतं, अहो, माळा नाही, गोठा. चार शब्द होते.

ते मी का बोलले नाही, तेही लिहिते, म्हणजे तुला पुन्हा विचारावं लागणार नाही. मला हसू आलं होतं, हे एक. तीन आठवडे ते माझ्या साठवणीची थट्टा करत होते. या घरात देवालाही नैवेद्य मोजून मिळत असेल, असं तुझ्यासमोर म्हणाले होते आणि तूही हसली होतीस. ते मनात होतं. आणि दुसरं, ते रविवारी जाणार होते. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाला आता कशाला समजावत बसायचं. गोठा दाखवायचा तर चढ चढवून न्यावं लागेल, तासभर जाईल, माझी भांडी पडली आहेत. चढतायत तर चढू देत. मी कळशी उतरवून ठेवली आणि म्हटलं, "सावकाश हं." एवढंच म्हटलं.

मी आयुष्यभर वस्तू वाचवल्या. त्या दिवशी शब्द वाचवले.

तुझ्या नवऱ्याला मी बोटाचं सांगितलं आहे, शिडीचं नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नाही. तो माझ्या पाया पडला तेव्हा सांगायचं होतं. त्याचं डोकं माझ्या पावलांवर होतं आणि मी त्याला उठ म्हटलं.

आज सकाळपासून वरच्या अंगाला पाऊस आहे. आपत्तीबाईंचा फोन आला होता, अजून धोक्याचं काही नाही, पण जनावर बांधून ठेवू नका म्हणाल्या. आम्ही दोघं तयार आहोत. आमची काळजी म्हणून कुणी निघू नये, पूल अरुंद आहे.

तो तुझ्या घरी आहे. हे पाकीट पोचेल तेव्हा कदाचित दार तोच उघडेल आणि अक्षर ओळखेल. म्हणून वर तुझं एकटीचं नाव घातलं आहे. त्याला हे वाचायला द्यायचं की नाही ते तू ठरव. दिलंस तर तो इथे परत येणार नाही, हे मला माहीत आहे. नाही दिलंस तर ते तुला एकटीला बाळगावं लागेल, तेही माहीत आहे.

मी द्यायला सांगत नाही आणि नको म्हणतही नाही.

तुझ्या नवऱ्याची आई